बिनमाइकची दुपार

दुपारचे राग हल्ली दुपारी कानावर पडत नाहीत. जाहीर मैफली संध्याकाळी साडेसहाच्या पुढे सुरू होतात, फार तर दिवाळीत एखादी पहाट असते. त्यामुळे यमन, बागेश्री, मालकंस सगळ्यांच्या ओळखीचे, आणि पहाटेचे ललत-भैरवही. सारंगाचे प्रकार, गौड सारंग, पटदीप, मुलतानी ही मंडळी मात्र शिकवणीच्या खोलीत नाहीतर रेकॉर्डमध्ये अडकून पडली आहेत. भीमपलासी चित्रपटगीतांतून भेटतो खरा, पण टळटळीत ऊन बाहेर असताना समोर बसून तो कितीजणांनी ऐकलाय?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात काही मंडळी अधूनमधून रविवारी दुपारी जमतात आणि माइकशिवाय गातात-वाजवतात. या जमण्याला नाव नाही, फलक नाही. सगळे नुसतं ‘बैठक’ म्हणतात. नियम थोडे आहेत: ध्वनिक्षेपक नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुरा नाही, मोबाइल बंद करून बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचे. ज्याला काही ऐकवायचं असेल त्यानं आधी नाव सांगायचं आणि साधारण पंधरा मिनिटांत आटपायचं. शेवटी एक मोठं गाणं. मी तिथं श्रोती म्हणून जात होते. या फाल्गुनातल्या बैठकीत आमच्या बाईंचं गाणं होतं आणि तानपुऱ्याच्या साथीला त्यांनी मला बसायला सांगितलं. ती दुपार मागे बसून कशी गेली, ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण समोर बसून मला यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं.

बैठक दोनची. बाईंनी मला साडेबाराला बोलावलं. “वाद्यांना त्या खोलीची हवा लागू दे आधी. आल्या आल्या जुळवलंस तर गाणं सुरू होईपर्यंत उतरलेलं असेल,” एवढंच सांगितलं. रिक्षातून दोन तानपुरे न्यायचे म्हणजे एक मांडीवर आडवा, एक उभा धरलेला, आणि चालकाला प्रत्येक गतिरोधकाला हळू जायची विनंती. वाड्याच्या दारात मी खोळ सारखी करत उभी होते तर आतून वाड्यातल्या काकी ओरडल्या, “अगं, उन्हात का उभी? आत ये की! भोपळ्याला ऊन सोसंल व्हय?”

तानपुरे मिरजेचे. आपल्याकडे बहुतेक सगळे मिरजेचेच असतात. पन्नासेक किलोमीटरवर सतारमेकरांची अख्खी गल्ली आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाईंची जोडी जनानी, म्हणजे लहान भोपळ्याची. पुरुष गायकांसाठी नानांचा, म्हणजे वाड्याच्या मालकांचा, मोठा मर्दानी तानपुरा तिथं आधीपासून भिंतीला टेकून होता.

मी पोचले तेव्हा नाना सोप्यात, म्हणजे चौकालगतच्या दालनात, जाजमं उचलत होते. अंथरत नव्हते, उचलत होते. गायक बसतात तिथपासून पुढं चार-पाच हात शहाबादी फरशी उघडी ठेवायची, असा त्यांचा दंडक. जाजम आवाज पितं, फरशी तो पुढं ढकलते. गायकाच्या पाठीमागची भिंत मोकळी असावी म्हणून तिथला पडदाही काढला. वर लाकडी तक्तपोशी आहे, बाजूला खांब आहेत, त्यामुळे आवाज नुसता घुमत नाही, जरा मुरतो. नानांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि म्हणाले, “आत्ता उघडं वाटतंय बघ. माणसं भरली की बरोबर बसंल.” ते खरं होतं. रिकाम्या सोप्यात माझं बोलणं मलाच परत ऐकू येत होतं, आणि चाळीसेक माणसं बसल्यावर तोच सोपा आवाजाला मऊ झाला. अंगावरचे कपडे, माणसांची शरीरं, सगळं त्या हिशेबात येतं.

पंखा बंद. याबद्दल दरवेळी कुणीतरी कुरकुर करतं. पण पंख्याच्या पात्यांनी तानपुऱ्याचा झंकार कापल्यासारखा ऐकू येतो, हे एकदा लक्षात आलं की मग घाम चालतो.

आता जुळवणं. बाईंची पट्टी, म्हणजे त्यांच्या षड्जाची जागा, पेटीची पांढरी पाच. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, मध्य षड्जाच्या, आणि शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. आधी जोड मिळवायचा. दोन पोलादी तारा एकाच सुरात आल्या असं वाटतं, तरी त्यांच्यामध्ये एक मंद हेलकावा ऐकू येत राहतो. खुंटीनं तो कमी कमी करत आणायचा आणि शेवटचा थोडासा राहिला की घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालचा मणी तसूभर सरकवून पुसून टाकायचा. मग पंचम, मग खर्ज. त्यानंतर जवारीचं, म्हणजे तारेचा झंकार उघडणारं, सूत. घोडीवर तारेच्या खाली तो दोरा अगदी केसभर मागंपुढं केला की तार एकदम बोलायला लागते, आधी मुकी असलेली तार सुरांचा पुंजका सोडते. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला किंचित उतार असतो. तार त्यावर घासत घासत थरथरते, म्हणून ते वरचे स्वर सुटतात. हे वाचून माहीत होतं. पण स्वतः बोटानं तो दोरा हलवत, कुठं तार उघडते ते शोधत बसण्यात माझा बराच वेळ गेला आणि तो मला हवाहवासा वाटला.

खर्ज नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. कुणी छेडलेला नाही, कुठल्याही तारेवर लावलेला नाही, तरी येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. बाई आल्या, पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, “डाव्या तानपुऱ्यात गंधार येतोय. उजव्यात अजून नाही.” उजव्याचा खर्ज मी पुन्हा पाहिला. खरंच थोडा उतरला होता.

तेवढ्यात तबलजी दादांनी हातोडी काढली. फाल्गुनातली कोरडी हवा, चौकातून येणारी झळ. चामडं तापलं की ताणलं जातं आणि तबला चढतो. धातूची तार तापली की सैलावते आणि तानपुरा उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना चालू लागतात आणि मध्ये गायक. “म्हणून तर म्हणतो, उन्हाळ्यात एकमेकाला विचारत राहायचं,” दादा म्हणाले आणि गट्टे खाली-वर करत, गजऱ्यावर हलक्या हातानं ठोकत दायाँ माझ्या षड्जाला आणून बसवला. मोठ्या सभागृहात वातानुकूलन हे सगळं झाकून टाकतं. इथं ते उघड्यावर असतं आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा जुळवण्यासाठी जो वेळ जातो तो श्रोतेही शांतपणे देतात. खरं तर तो वेळ मला बैठकीचाच भाग वाटतो. लोकांचे कान तेव्हाच सुराला लागतात.

दोनला सुरुवात झाली ती बासरीनं. अकरावी-बारावीतला मुलगा, वृंदावनी सारंग. गंधार-धैवत नसलेला हा राग, निषाद मात्र दोन्ही. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. बासरी जवळून ऐकली की फुंकरीचाही आवाज येतो, बोट भोकावरून उचललं जातं तेही कळतं. माइकवर हेच दोष वाटतात. इथं ते त्याच्या श्वासाइतके साहजिक होते. कोमल निषादावर तो थांबला तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा “वा बाळा” म्हणाले. तेही सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं आणि त्या पोराचा पुढचा सूर मोठा झाला. दाद इतकी थेट पोचते, हे मी पहिल्यांदा वाजवणाऱ्याच्या बाजूला बसून पाहिलं.

त्याच्यानंतर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी गिटार घेऊन बसला. काहींच्या कपाळावर आठ्या आलेल्या दिसल्या मला. मित्राच्या मराठी कवितेला त्यानं चाल लावली होती आणि पत्ती न वापरता नुसत्या बोटांनी वाजवत होता. तक्तपोशीखाली त्या लाकडी पेटीचा आवाज फार देखणा वाटला. पहिल्या कडव्यात शब्द गिटारखाली बुडत होते. दुसऱ्याला त्यानं आपण होऊन हात हलका केला आणि मान वर करून शेवटच्या रांगेकडं बघत गायला. कुणी खुणा केल्या नव्हत्या. खोलीनंच त्याला सांगितलं असणार.

मग शाहीर. पन्हाळ्याच्या बाजूचे, सत्तरीच्या आसपासचे, सोबत तुणतुणं घेतलेला नातू आणि एक झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारा. त्यांचा डफ मगापासून चौकात उन्हात ठेवलेला होता. शेकल्याशिवाय डफ बोलत नाही. सोप्यात येऊन त्यांनी एक थाप मारली आणि सगळे दचकले, खांबही दचकले असतील. शाहीर नानांना म्हणाले, “ही जागा आमच्या गळ्याला लहान पडती. आम्ही भायेर हुबं ऱ्हातो, तुमी फिरून बसा.” ते चौकात उभे राहिले, आम्ही सगळे जाजमावर फिरून बसलो. राजर्षी शाहूंवरचा स्वतः रचलेला छोटा पोवाडा. वर उघडं आकाश, चारी बाजूंना भिंती, आणि तो गळा! शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या, गच्चीवर बायका येऊन उभ्या राहिल्या. ‘जी जी’ची झील मागून येत होती ती भिंतीवर आपटून दुसऱ्या बाजूनंही ऐकू येत होती. ही गायनपद्धत मोकळ्या मैदानासाठीच घडलेली आहे, तिला यंत्राची मदत कधीच लागली नव्हती. जत्रेत हेच शाहीर कर्ण्यांच्या भिंतीसमोर गातात तेव्हा त्यांचा आवाज फाटका वाटतो, याचं मला त्या चौकात बसून फार वाईट वाटलं.

हा माणूस आवाज कसा टाकतो हे बघताना मला संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले आठवत राहिले. आठवत म्हणजे काय, मी कुठून ऐकणार? १९२१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले ते. पण त्यांची पल्लेदार तान पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायची, असं आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर पुढं त्यांच्याच नावानं ओळखलं गेलं. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गावात कित्येक जण त्या दिवशी नुसते तिथं जाऊन उभे राहून परत येत होते. वाड्यातल्या बैठकीला तेव्हापासून माणसं वाढली असं नाना म्हणतात.

पेटीवादन थोडक्यात सांगते. एका निवृत्त शिक्षकांनी नाट्यपद वाजवलं, हात स्वच्छ, भाता अगदी संथ. थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या मुलखात पेटीला कमी लेखायची कुणाची हिंमत नाही. पण आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी का घातली असेल, यातला सुराचा भाग मला त्या दुपारी कानानं समजला. मी तानपुरा छेडत होते, त्यातून गंधार येत होता आणि पेटीचा शुद्ध गंधार त्याच्या किंचित वर बसत होता. दोन्ही जवळजवळ ऐकू आल्यावर तो फरक लपत नाही. सरांना हे ठाऊक होतं. गंधारावर ते थांबतच नव्हते, स्पर्श करून पुढं जात होते. वाद्याची मर्यादा माहीत असलेला माणूस ती किती सुंदर सांभाळतो!

चहा झाला. भडंग होतं, पण ते चौकातच खाऊन यायचं, आत आणायचं नाही. कुरकुर आवाज होतो.

चार वाजून गेले होते. ऊन चौकाच्या एका भिंतीवर चढलं होतं. बाई मुलतानी गाणार होत्या. बाईंची तालीम जयपूर-अत्रौलीची. ज्यांच्यामुळे हे घराणं आमच्या गावाचं झालं ते अल्लादियाखाँसाहेब १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, कोल्हापूर हेच त्यांचं घर होतं. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ इथंच राहिले, इथंच शिकवलं. १८८३ सालापासूनचा गायन समाज देवल क्लब इथंच. मोकळा आकार, अखंड चालणारी तान, लयीला घट्ट धरून स्वराचं भरणं, ही सगळी गायकी ध्वनिक्षेपक नसताना, जवळ बसलेल्या जाणकारांसमोर घडली. आकार मोकळा का हवा, यावर बाई शिकवताना कधी भाषण देत नाहीत. “तोंड उघड. आवाज तुझ्या पायाशी पडतोय,” एवढंच म्हणतात.

तानपुरा पुन्हा जुळवला. उजव्याची पंचमाची तार उतरली होती. मी डावीकडं, दुसरी शिष्या उजवीकडं. मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं उरलेल्या तीन तारा. तालाशी आपला संबंध नाही, लय चढली तरी आपण चढायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. मागं बसून तबला कानावर पडत असताना बोटं त्याच्या मागं धावू पाहतात आणि त्यांना रोखण्यात सगळं लक्ष जातं. काही वेळानं ते आपोआप सुटलं आणि मग मला ऐकू यायला लागलं.

बाईंनी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून षड्ज लावला. आवाज बारीक होता, सत्तरीकडे झुकलेल्या बाईंचा तो आवाज. मला वाटलं, मागं पोचणार नाही. पण सोप्यातली माणसं आपोआप गप्प झाली. आधीही कुणी बोलत नव्हतं, तरी ही शांतता वेगळी होती. हालचाल थांबली, कुणीतरी बांगड्या वर सरकवून धरल्या, खोकला आलेले एक गृहस्थ उठून चौकात गेले. आणि तो मंद्रातला निषाद मागच्या दारापर्यंत गेला. हे मला बैठकीतून मिळालेलं सगळ्यात मोठं शहाणपण. बिनमाइकच्या गाण्यात आवाज पोचवण्याचं अर्धं काम ऐकणारे करतात. मोठ्या सभागृहात श्रोता कसाही बसला तरी सूर त्याच्यापर्यंत आणून दिला जातो. इथं त्याला पुढं येऊन तो घ्यावा लागतो आणि सगळे मिळून तो घेतात तेव्हा गाणाऱ्याला जोर करावा लागत नाही.

मुलतानीत रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. चढताना रिषभ-धैवत नाहीत. त्यातला गंधार हा या रागाचा जीव. तो सरळ लागत नाही, तीव्र मध्यमाचा हात धरून खाली येतो, हलतो आणि पेटीच्या कोमल गंधारापेक्षाही जरा खालीच राहतो. इकडं माझ्या खर्जातून शुद्ध गंधार झिरपतोय आणि बाई त्याच्या शेजारून हा उतरता गंधार लावताहेत. दोघांमध्ये एक ओढाताण आहे. ती ओढाताण हीच मुलतानीची दुपार आहे, असं मला तिथं बसून वाटलं. उन्हं कलायला लागलेली, काहीतरी संपत आलेलं आणि अजून संपत नसलेलं. रेकॉर्डवर तानपुरा इतका मागे असतो की ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. पेटीवर बसलेल्या सरांनी गंधाराची पट्टी पूर्ण गाणंभर दाबली नाही. फक्त षड्ज, पंचम आणि बाईंच्या वाक्याचं शेवटचं टोक.

विलंबित तीनताल. दादांचा डग्गा मी इतका हळू वाजताना कधी ऐकला नव्हता. थाप न मारता नुसतं मनगट दाबून घुमारा काढत होते. बाई तार षड्जाला गेल्या तेव्हा त्यांनी हात सोडला, खाली आल्या की आवरला. इथं कुणी बटणं फिरवून तोल सांभाळणारा नसतो. तो तोल वाजवणाऱ्यांच्या हातात आणि कानात असतो, आणि एकमेकांबद्दलच्या आदरातही. द्रुतात तानांना वेग आला तेव्हा बाईंचा आवाज उघडला. तो बारीक आवाज आता भिंतीला टेकून परत येत होता. समेवर येताना आजोबा, गिटारवाला, बासरीवाला, सगळ्यांचे हात एकदम खाली आले.

शाहीर शेवटपर्यंत थांबले होते. दाराशी उकिडवे बसून पूर्ण गाणं ऐकलं. नंतर बाईंच्या पाया पडायला वाकले, तर बाईंनी त्यांचे हात धरले. म्हणाल्या, “तुमचा दम कुठून आणता हो दादा? मला तो अजून शिकायचाय.” शाहीर म्हणाले, “आन् मला ह्ये बारीक बोलणं शिकायचंय.”

खोळी चढवताना एक प्रश्न निघाला. माणसं वाढताहेत, मागच्या ओसरीत बसलेल्यांना नीट ऐकू आलं नाही, तर निदान एक छोटा माइक ठेवावा का? गिटारवाल्या मुलानंच आधी नाही म्हटलं. बराच वेळ बोलणं झालं. माझं मत मी मांडलं: चाळिसाच्या वर गेलो तर दोन बैठका करू, पण ओसरी भरायची नाही. काकींनी सोप्याचं दार आणि खिडक्या मोजून, आणखी सहा माणसं मावतील असं सांगितलं. शेवटी दोन बैठका करायचं ठरलं. नावं आधी घ्यायची, आणि ज्याला एकदा जागा मिळाली नाही त्याला पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसवायचं.

पुढची बैठक तासभर उशिरा ठेवायची आहे, कारण बाईंना सूर्यास्ताचा मारवा गायचाय. मारव्यात पंचम नाही, तेव्हा पहिली तार निषादावर लावावी लागेल. निषाद लागल्यावर सगळ्या तानपुऱ्याचा रंग बदलतो आणि जवारी पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. बाईंनी उजवा तानपुरा माझ्याकडं घरी दिलाय. रोज सहाच्या सुमारास तो निषादावर लावून बसते आहे.